टांगा आमचा, हाकणारा तुमचा



आपल्यापैकी बहुतेकांच्या आजोबांनी आयुष्यात कधी तराजू हातात धरला नाही. त्यांना तो धरूच दिला गेला नाही. महाराच्या दुकानातले तेल कोण नेणार आणि महाराच्या हातचे पीठ कोण खाणार? खानदेशात आपल्या माणसांनी कापसाच्या गाठी पाठीवर वाहिल्या, जिनिंगमध्ये रुईची धूळ नाकातोंडात घेतली, सावदा-रावेरकडे केळीचे घड रेल्वेच्या वाघिणीत भरले. पण माल आणि पैसा यांच्यामध्ये जो माणूस गादीवर बसतो, तो माणूस आपण नव्हतो. म्हणून शीलाचा विचार करताना आपण घराविषयी बोलतो, दारूविषयी बोलतो, नोकरीविषयी आणि पुढाऱ्यांविषयी तर फारच बोलतो. धंद्याविषयी बोलत नाही. तराजू दुसऱ्याच्या हातात आणि आपण त्याच्यापुढे हात जोडून उभे, हे चित्र मनात घट्ट बसले आहे.

आता ते चित्र पुरते खरे राहिलेले नाही. जळगावला, भुसावळला, धुळ्याला आपल्या मुलांची मोबाईलची दुकाने आहेत. कुणी मंडप-डेकोरेशन करतो, कुणी वाळू-विटा पुरवतो, कुणी नगरपालिकेची लहानसहान कामे घेतो, कुणी चार रिक्षा घेऊन भाड्याने लावतो. पतपेढीच्या संचालक मंडळावरही आपला एखादा माणूस असतो. दांडी आता आपल्याही हातात आली आहे. तेव्हा धंद्यात शील म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही.

या प्रश्नाचे एक तयार उत्तर आहे. खोटे बोलू नये, काटा मारू नये, भेसळ करू नये, घेतलेले पैसे बुडवू नयेत. उत्तर चूक नाही. पण मला ते अपुरे वाटते, आणि ते का अपुरे वाटते हे सांगण्यासाठी मी तुम्हाला चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनवर नेणार आहे.

साल १९२९. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी जी समिती नेमली होती तिचे एक सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. काम आटोपून मुंबईकडे परतताना ते चाळीसगावला उतरले, कारण धुळ्याच्या फाट्यावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता आणि त्याची माहिती त्यांना घ्यायची होती. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी स्टेशनवर येऊन आग्रह धरला की, रात्रीचा मुक्काम आमच्याकडे करा. बाबासाहेबांचा बेत थेट मुंबईला जाण्याचा होता, पण लोकांचे मन मोडवेना. ते धुळ्याच्या गाडीने त्या गावी गेले, चौकशी केली आणि पुढच्या गाडीने परत चाळीसगावला आले. लोक वाट पाहत होते. हार घातले गेले. महारवाडा नदीपलीकडे, पण चालत जाण्याजोगा. तरी कुणी हलेना. तासभर बाबासाहेब फलाटावर ताटकळले. मग एक टांगा आला. बाबासाहेब त्यात बसले, हाकणारा पुढे बसला, बाकीची मंडळी आडवाटेने पायी निघाली.

दोनशे पावलेही झाली नसतील तोच टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पोलिसाने ओरडून सावध केले म्हणून निभावले. रोज भाडे मारणारा माणूस इतका अडाण्यासारखा कसा हाकतो, याचे बाबासाहेबांना नवल वाटले. पुढे नदीवरची फरशी आली. तिला कठडा नव्हता, अंतराअंतरावर नुसते दगड उभे केलेले. रस्ता तेथे काटकोनात वळतो. वळणावर घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब उचलले जाऊन फरशीवर फेकले गेले आणि घोडा व टांगा नदीत कोसळला. ते बेशुद्ध पडले. पाय मोडला. महारवाड्यातली बायामाणसे रडत-ओरडत धावली आणि त्यांनी त्यांना उचलून नेले. पुढे कित्येक दिवस त्यांना हिंडता-फिरता येईना.

मागाहून उलगडा झाला. स्टेशनावरचे टांगेवाले अस्पृश्य उतारू घेऊन टांगा हाकायला तयार नव्हते. तो त्यांना कमीपणा वाटत होता. इकडे बाबासाहेबांनी पायी यावे हे आपल्या लोकांना सहन होईना. तासभर घासाघीस चालली आणि तडजोड निघाली. टांगा भाड्याने मिळेल, पण मालक हाकणार नाही, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्यातल्या एकाने लगाम हातात घेतला. त्याने जन्मात टांगा हाकला नव्हता. त्यात एवढे काय आहे, असे त्याला वाटले, आणि आपल्या मागे कोण बसले आहे याची जाणीव होताच त्याचे हातपाय गळाले.

ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ती टिपणे पुस्तिकारूपाने काढली. ज्यांनी वाचली नसतील त्यांनी जरूर वाचावीत. दरवर्षी ३१ जुलैला आपण धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मोठ्या संख्येने जमतो, कारण तेथे बाबासाहेबांचे पाऊल लागले होते. चाळीसगावच्या त्या फरशीची आठवण त्या मानाने आपण कमी काढतो. का, ते मला माहीत आहे असे वाटते. लांडोर बंगल्यावर अभिमान वाटतो. फरशीवर आपलीही चूक आठवते. पण तिच्याकडे मी नंतर येतो. आधी टांगेवाला.

वाचकहो, आता तुम्ही न्यायाधीश व्हा आणि मला सांगा, त्या टांगेवाल्याने पंचशीलातील कोणते शील मोडले? त्याने कुणाचा जीव घेतला नाही. चोरी केली नाही, ठरले तेवढेच भाडे घेतले. व्यभिचाराचा प्रश्न नाही. तो खोटेही बोलला नाही, उलट अगदी स्वच्छ बोलला की मी हाकणार नाही. दारू प्यायला होता असेही कुणी म्हटलेले नाही. व्यापाराच्या रीतीने पाहिले तर सौदा चोख झाला. वस्तू दाखवली, अटी सांगितल्या, दोन्ही बाजूंनी मान्य केल्या, पैसे दिले-घेतले. आजच्या भाषेत करार झाला. आणि तरीही एक माणूस रक्तबंबाळ होऊन फरशीवर पडला.

काटा न मारणे म्हणजे धंद्यातले शील, असे म्हणणाऱ्यांना मी हा टांगेवाला दाखवतो.

तुम्ही म्हणाल, मग पंचशील अपुरे आहे का? नाही. आपण ते वाचतो कसे, हा प्रश्न आहे. पंचशीलातील प्रत्येक ओळीत सिक्खापद हा शब्द आहे. सिक्खापद म्हणजे शिकण्याची पायरी. मी हे स्वतःला शिकवीन, असे उपासक स्वतः म्हणतो, त्याला कुणी वरून आज्ञा करीत नाही. आज्ञा असती तर तिच्यातून पळवाट काढता आली असती, आणि टांगेवाल्याने ती काढली असती. शिकण्यातून पळवाट निघत नाही. जीवहिंसेपासून दूर राहायला जो शिकतो तो हळूहळू समोरच्या जिवाची काळजी घ्यायलाही शिकतो, नाहीतर तो काहीच शिकला नाही. बाबासाहेबांनी शीलाला एकटे कधी सोडले नाही. त्याच्या एका बाजूला प्रज्ञा ठेवली आणि दुसऱ्या बाजूला करुणा. त्या टांगेवाल्याचा व्यवहार सचोटीचा होता. करुणा नव्हती, म्हणून ती सचोटी मारक झाली.

आणखी एक गोष्ट पाहा. धंदेवाला निर्णय कधी घेतो? आपल्याला वाटते, गिऱ्हाईक समोर आले की घेतो. स्टेशनवर तासभर घासाघीस झाली, म्हणजे त्या तासात निर्णय झाला असे दिसते. पण तो निर्णय त्या तासात झालेलाच नाही. तो त्या माणसाच्या लहानपणी झाला होता. त्याच्या आईने पाणी वरून ओतताना, त्याच्या बापाने सावली टाळताना, तो निर्णय त्याच्या अंगात उतरला होता. समोर बॅरिस्टर होता, लंडनची डी.एस्सी. मिळवलेला माणूस होता, मुंबई कायदे मंडळाचा सभासद होता, यातले काहीही त्याच्या अंगापर्यंत पोहोचले नाही. आणि गंमत अशी की धंद्याचा साधा स्वार्थसुद्धा त्याला वाचवू शकला नाही. पुष्कळ विद्वान सांगतात की बाजार जात पाहत नाही, पैसा पाहतो. चाळीसगावच्या बाजाराने आधी जात पाहिली, मग पैसा पाहिला, आणि मग दोन्ही सांभाळण्याची युक्ती काढली.

त्याच पूर्व खानदेश जिल्ह्यात अमळनेरला गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले होते. तेथे देशभरातले विद्वान येऊन अद्वैताचा अभ्यास करीत. सर्वत्र एकच ब्रह्म भरले आहे, या सिद्धांताचा तेथे खल होई. तेरा वर्षांनी चाळीसगावच्या स्टेशनवर ते ब्रह्म टांग्यापर्यंत आले नव्हते. मंदिराची मी टिंगल करीत नाही. विद्येसाठी पैसा खर्च करणारा व्यापारी कोणत्याही काळात दुर्मीळच असतो. पण सगळे एक आहे हे पटणे आणि समोरचा माणूस माझ्यासारखा आहे हे अंगात मुरणे यांत फार अंतर आहे, आणि भगवान बुद्धाने सगळा भर दुसऱ्यावर दिला.

तथागताला व्यापार परका नव्हता. त्याचे पहिले दोन उपासक तपुस्स आणि भल्लिक हे व्यापारीच होते आणि अनाथपिंडिक तर श्रावस्तीचा मोठा श्रेष्ठी. पाली वाङ्मयात दुकानदाराविषयी बारीक बारीक गोष्टी सापडतात. खोट्या तराजूला, खोट्या धातूला आणि खोट्या मापाला तेथे वेगवेगळी नावे आहेत, तुलाकूट, कंसकूट, मानकूट. लबाडी इतकी जुनी आहे! उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत तेही सांगितले आहे. शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. (केळी पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. ते वापरणाऱ्याने आपण पाचव्या व्यापारात बसतो की नाही याचा स्वतःच विचार करावा.) अंगुत्तर निकायात एका ठिकाणी चांगल्या दुकानदाराची तीन लक्षणे येतात. त्याला डोळे असावेत, म्हणजे माल केवढ्याला घेतला, केवढ्याला विकला, नफा किती, हे दिसावे. तो खटपटी असावा. आणि त्याला आधार असावा, म्हणजे पैसेवाल्या लोकांनी त्याच्याकडे पाहून म्हणावे की हा आमचा पैसा परत करील, याच्याकडे ठेवा. आपण ज्याला बाजारात पत म्हणतो ती हीच.

पत म्हटली की जळगावकराच्या मनात काय येते, हे मी सांगायला नको. सोन्यासाठी आणि केळीसाठी नाव असलेल्या या जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्या तेव्हा घराघरांत दुखवटा पडला. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टीस्टेट पतसंस्थेच्या संचालकांना ठेवीदारांच्या तक्रारींवरून २०१५ साली अटक झाली. अवसायक नेमला गेला. पुढे २०२० साली त्या अवसायकाच्या कारभारावरही गुन्हा दाखल झाला. ठेवीदारांची पावती अर्ध्याहूनही कमी पैशांत विकत घ्यायची आणि ती पूर्ण किमतीने मोठ्या कर्जदाराच्या कर्जात वळती करायची, असा व्यवहार झाल्याचे आरोप झाले आणि प्रकरणे न्यायालयात गेली. कोण दोषी, कोण निर्दोष, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, माझे नाही. मला फक्त तो व्यवहार बघायचा आहे, कारण त्याची गोष्ट जातककथांत आधीच सांगून झाली आहे.

सेरिवाणिज जातकात दोन फेरीवाले आहेत. एका घरात आजी आणि नात राहतात. घर एके काळी श्रीमंत होते, आता दोघी मोलमजुरी करतात. घरात एक जुने, काजळीने काळे पडलेले भांडे आहे. नातीला एक दागिना हवा, म्हणून आजी ते भांडे पहिल्या फेरीवाल्याला दाखवते. तो सुईने ओरखडा काढतो. सोने आहे! आणि त्याच क्षणी तो म्हणतो, याला कवडीचीही किंमत नाही. भांडे जमिनीवर टाकून तो निघून जातो. त्याचा बेत असा की म्हातारी वैतागेल, मी परत येईन आणि फुकटात घेऊन जाईन. त्यानंतर दुसरा फेरीवाला येतो, तो बोधिसत्त्व. तो ते भांडे हातात घेतो आणि म्हणतो, आई, हे लाख मोलाचे आहे, एवढे पैसे माझ्याजवळ नाहीत. म्हातारी म्हणते, मग तुझ्या पुण्याईने ते सोन्याचे झाले, जे असेल ते दे. तो जवळचे पाचशे नाणी आणि पाचशेंचा माल देतो, नावेच्या भाड्यापुरती आठ नाणी, तराजू आणि पिशवी तेवढी मागून घेतो.

पावती हातात घेऊन खेटे घालणाऱ्या एखाद्या विधवा बाईला जर कुणी सांगितले असेल की, माय, या कागदाला आता काही किंमत नाही, मिळतात तेवढे घे, आणि सांगणाऱ्याला जर त्या कागदाची पुरी किंमत ठाऊक असेल, तर त्याने सुईचा ओरखडा काढून भांडे जमिनीवर टाकले. नियमाचे कलम त्याला सापडेलही. बाईने स्वखुशीने सही केली, हेही खरे असेल. चाळीसगावचा सौदाही स्वखुशीचाच होता.

गोष्टीतला बोधिसत्त्व आपल्याला भाबडा वाटतो. लाखाच्या वस्तूला लाख म्हणणारा व्यापारी आठ दिवसांत दिवाळे काढील, असे आपण हसून म्हणतो. पण गोष्ट नीट पाहा. त्याने नफा सोडलेला नाही. हजाराला लाखाची वस्तू त्याला मिळाली. त्याने फक्त एक गोष्ट नाकारली. समोरच्या माणसाचे अज्ञान हे आपले भांडवल करायला तो तयार झाला नाही. म्हातारीला किंमत कळल्यावर जे होईल ते होवो, असे त्याने ठरवले. मला वाटते, धंद्यात करुणा म्हणजे फार मोठे दान नव्हे. ती एवढीच आहे, आणि एवढीही फार महाग पडते. केळीचा भाव रोज जाहीर होतो आणि शेताच्या बांधावर शेतकऱ्याला त्याहून कमी मिळतो. बांधावर उभा असलेला व्यापारी त्या क्षणी पहिला फेरीवाला आहे की दुसरा, हे त्याचे त्याला माहीत असते.

आता माझ्याविषयी, कारण दुसऱ्यांना विचारून मला मोकळे होता येणार नाही. तरुणपणी मी एका आडत दुकानावर कीर्द-खतावणी लिहीत होतो. हस्ताक्षर चांगले म्हणून मला ठेवले होते. दोन वह्या असत, एक पक्की, एक कच्ची. पक्क्या वहीत जे उतरे ते कच्च्या वहीत असलेल्यापेक्षा वेगळे असे. शेतकऱ्याच्या वजनातून जी कसर काढली जाई ती कुठल्या रकान्यात जिरवायची, हे मला शिकवण्यात आले आणि मी ते चांगले शिकलो. दोन वर्षे लिहिले. मला कधी वाईट वाटले नाही, हे मला आज जास्त वाईट वाटते. मी स्वतःशी म्हणत असे, काटा मी धरीत नाही, भाव मी पाडीत नाही, मी फक्त लिहितो. म्हणजे काय, तर टांगा तुमचा, हाकणारा तुमचा, मी नुसता चाकाला तेल घालतो. एके दिवशी आमच्याच गावाकडचे एक म्हातारे बाबा भुईमूग घेऊन आले. त्यांची चिठ्ठी माझ्या हातात आली आणि मी सवयीने कसर लिहिली. ते माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, तू लिहितोस म्हणून बरे, आपला माणूस आहे. त्यानंतरही मी चार महिने ती नोकरी केली. लगेच सोडली असे लिहायला बरे वाटले असते.

हे सांगण्याचे कारण असे की धंद्यातले दुष्कर्म एकटा माणूस क्वचितच करतो. ते वाटून केले जाते. मापाड्याकडे थोडे, कारकुनाकडे थोडे, दलालाकडे थोडे, मालकाकडे थोडे. प्रत्येकाच्या वाट्याला इतके थोडे येते की त्याला ते दिसतही नाही. टांगेवाल्याचा शोध हाच होता. त्याने धोका टाकून दिला आणि भाडे ठेवून घेतले. संचालक म्हणतो, मी फक्त सही केली. रिक्षाचा मालक म्हणतो, मी फक्त गाडी दिली, ब्रेक त्याने तपासायला हवे होते. ठेकेदार म्हणतो, मी काम पोटठेकेदाराला दिले. माझ्या हातून सुटलेली वस्तू कुठे जाऊन कुणाला लागेल, हा विचार करण्याची सवय म्हणजेच सम्यक आजीविका. आणि ती सवय लहान कामांत लागते. मोठा प्रसंग येईपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असतो.

आता आपली चूक, जिच्याबद्दल मी मघाशी बोललो. आपल्या लोकांनी बाबासाहेबांवर जिवापाड प्रेम केले आणि त्यांचा जीव धोक्यात घातला. बाबासाहेबांनी हे स्पष्ट लिहिले आहे, आणि कडवटपणाने लिहिलेले नाही. उतारूची प्रतिष्ठा राखण्यापेक्षा त्याचा जीव राखणे महत्त्वाचे, हे त्या मंडळींच्या ध्यानात आले नाही, असे त्यांचे म्हणणे. कुणी त्यांना फलाटावर विचारलेसुद्धा नाही! पायी चलता का, असे विचारले असते तर ते हसत चालले असते. बडोद्याहून हाकलले गेलेला, चवदार तळ्यावर गेलेला माणूस दोन मैल चालायला कचरला असता का?

हा रोग आपल्या धंद्यात आजही आहे. आपल्या माणसाचे नाव व्हावे म्हणून आपण त्याला न जमणारे काम देतो. विहाराचे बांधकाम अशा माणसाला सोपवतो ज्याने आधी भिंत बांधलेली नाही. त्याचा कळवळा खरा असतो, आणि स्लॅब गळतो. समाजाच्या पतपेढीत खजिनदार म्हणून आदरणीय माणूस बसवतो, त्याला ताळेबंद वाचता येत नाही, आणि तो तसे सांगत नाही, कारण सांगणे कमीपणाचे. लगाम हातात घेणाऱ्या त्या माणसाने मला हाकता येत नाही एवढे चार शब्द म्हटले असते! प्रज्ञेवाचून शील पंगू आहे, हे आपण भाषणात म्हणतो. मला येत नाही असे वेळेवर म्हणणे हीसुद्धा प्रज्ञा आहे, आणि धंद्यात तिची किंमत फार.

शेवटी एक अवघड प्रश्न, जो मला भुसावळच्या बाजूच्या एका तरुणाने विचारला. त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. पाटीवर त्याने आडनाव लावलेले नाही, आणि दुकानाचे नाव असे ठेवले आहे की ते कुणाचेही वाटावे. धंदा बरा चालतो. त्याने विचारले, हा मुसावाद होतो का?

मी झटकन उत्तर देऊ शकलो नाही. बाबासाहेब बडोद्याला नोकरीस गेले तेव्हा त्यांना कुठेही जागा मिळेना आणि ते पारशी पथिकाश्रमात पारशी नाव नोंदवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली पारशी मंडळी आली आणि त्यांना बाहेर काढले. हेही त्यांनी स्वतः लिहिले आहे, लपवलेले नाही. मुंबईला आल्यावर त्यांनी शेअरच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईक येत होते. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर ते येईनासे झाले. अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीचा माणूस त्या बाजारात दुसरा कोण होता? तेव्हा ज्या बाजाराने सत्याची किंमत एवढी चढवून ठेवली आहे, त्याने आमच्या पोराला खोटारडा म्हणू नये. जो बॅटरी खरी देतो, बिल खरे देतो, दुरुस्ती न झाल्यास पैसे परत देतो, तो गिऱ्हाइकाला फसवीत नाही. जात ही काही मालाची प्रत नव्हे की ती पाटीवर लिहिलीच पाहिजे.

हे ऐकून तो खूश झाला. मग मी त्याला विचारले, तुझ्या दुकानात आपला एखादा माणूस येतो आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने जयभीम म्हणतो, तेव्हा तू काय करतोस? तो खाली पाहू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, मान हलवतो. पुन्हा थोड्या वेळाने म्हणाला, आई डबा घेऊन येते, तिला मी मागच्या दाराने यायला सांगितले आहे.

पाटीबद्दल माझे मत मी बदललेले नाही. पण ते मागचे दार मला आजही दिसते. त्याला मी काही उपदेश केला नाही. त्याने काय केले ते त्याने मला कळवलेले नाही आणि मीही विचारलेले नाही.

चाळीसगावच्या सौद्यातली एक बाजू मात्र अजून माझ्या डोक्यातून जात नाही. घोडा आणि टांगा दोन्ही नदीत पडले होते. बाबासाहेबांच्या हकिकतीत त्यांच्या भरपाईचा हिशेब नाही. टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला होता, हाकणारा आपला होता, तेव्हा करार त्याच्या बाजूने होता. माझा अंदाज असा की महारवाड्यात वर्गणी जमली असावी, आणि एकीकडे बाबासाहेबांच्या पायाला शेक देत असताना दुसरीकडे आपल्या लोकांनी घोड्याची किंमत आणे-दोन आणे करून मोजून दिली असावी.